आईचा मणका सरकला आहे : फक्त नसा मोकळ्या कराव्यात की स्क्रूही घालावेत?

निशिगंध | ४ जून

माझ्या आईचे वय ६३ असून गेली २८ वर्षे ती आमची पिठाची गिरणी सांभाळते. दीड वर्षापासून चालताना तिच्या दोन्ही पोटऱ्या भरून येतात आणि डाव्या पायाला अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. घरापासून गिरणी जेमतेम चारशे मीटरवर आहे. पूर्वी ती हे अंतर एका दमात चालत असे. आता आधी पारावर, मग पतपेढीच्या पायरीवर आणि शेवटी गिरणीच्या अलीकडच्या कट्ट्यावर अशी तीनदा बसते. बसले की दोन-चार मिनिटांत पाय मोकळे होतात. गिरणीत मात्र ती वजनकाट्याच्या टेबलावर कोपरे टेकवून तासन्‌तास उभी राहते, आणि त्यामुळेच दुखणे फारसे नसावे असे आम्हाला बरेच दिवस वाटत राहिले.

एमआरआयमध्ये कमरेतील चौथा मणका (एल-४) पाचव्यावरून (एल-५) सुमारे ६ मिलिमीटर पुढे सरकलेला दिसला आणि त्या जागी नसांची नळी बरीच अरुंद झालेली आहे. श्रेणी १ असे अहवालात लिहिले आहे. सात महिने व्यायाम आणि औषधे झाली. मणक्यात एक इंजेक्शनही दिले. त्याचा आराम तीन आठवडे टिकला.

आता दोन सर्जनांनी दोन वेगळे सल्ले दिले आहेत. एकांचे म्हणणे असे की, हाडाचा थोडा भाग काढून नसांवरचा दाब कमी केला की पुरे. दुसरे म्हणतात की, मणका मुळातच सरकलेला असल्याने चार स्क्रू, दोन सळ्या आणि दोन मणक्यांच्या मध्ये पिंजरा (हाडाचा चुरा भरलेली छोटी पोकळ पेटी) घालून तो कायमचा सांधून घ्यावा, नाहीतर पुन्हा टेबलावर यावे लागेल. धाकटी बहीण दुसऱ्या मताची आहे आणि मी पहिल्या. आई म्हणते, तुमचे एकमत झाले की मला सांगा. ज्यांनी यातून प्रवास केला आहे किंवा ज्यांना यातले कळते, त्यांनी कृपया लिहावे.

रानवाट | ४ जून

ताई, मणक्याला सुरी लावू देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांना मणक्यात गॅप होता, ते नियमित भुजंगासन आणि धनुरासन करून पूर्ण बरे झाले. आमच्याकडे एक हाडवैद्यही आहेत, ते मणका जागेवर बसवून देतात. पत्ता हवा असल्यास कळवा.

चालतीबोलती | ४ जून

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि रानवाट यांच्या सल्ल्याला तातडीने उत्तर देणे मला आवश्यक वाटते. 'मणक्यात गॅप' हा शब्द आपल्याकडे तीन-चार निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो. कुणाची गादी झिजलेली असते, कुणाची गादी बाहेर येऊन नस दाबते, आणि निशिगंध यांच्या आईसारख्या रुग्णांत अख्खा मणकाच खालच्या मणक्यावरून पुढे घसरलेला असतो. शेजाऱ्यांना यांपैकी काय होते हे कळल्याशिवाय त्यांचा उपाय दुसऱ्याला सांगता येत नाही.

पाठ मागे वाकवली की नसांची नळी आणखी अरुंद होते आणि पुढे झुकले की ती थोडी रुंदावते. आई टेबलावर कोपरे टेकवून तासन्‌तास उभी राहते याचे कारण हेच आहे. तिच्या शरीराने आराम देणारी स्थिती स्वतःच शोधून काढली आहे. अशा रुग्णाला भुजंगासन किंवा धनुरासन करायला लावणे म्हणजे दाबलेल्या नसेला आणखी दाबणे होय. पोटाचे आणि पाठीचे खोल स्नायू बळकट करणारे व्यायाम उपयोगी पडतात, पण सरकलेले हाड कोणताही व्यायाम मागे नेत नाही. हाडवैद्याने झटका देऊन 'बसवलेला' मणका तर मी एकही पाहिलेला नाही. झटक्यानंतर पाऊल लुळे पडलेले रुग्ण मात्र पाहिले आहेत.

रानवाट | ५ जून

हे मला ठाऊक नव्हते. हाडवैद्याबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो. कुणी ते वाचून गेले असेल तर कृपया वरचे उत्तरही वाचावे.

अस्थिवेध | ५ जून

निवृत्त अस्थिशल्यचिकित्सक म्हणून काही मूलभूत गोष्टी मांडतो. तपासल्याशिवाय मी निर्णय देणार नाही आणि कुणी देऊही नये.

या विकाराला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'मणक्याची घसरण' इतकाच आहे. पहिले वर्णन १७८२ साली एर्बिनियो या बेल्जियममधील प्रसूतितज्ज्ञाने केले, कारण घसरलेल्या मणक्यामुळे बाळाची वाट अडलेली त्याला दिसली होती. मायरडिंग यांनी १९३२ मध्ये केलेली प्रतवारी आजही वापरली जाते : खालच्या मणक्याच्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत घसरण झाली तर श्रेणी १, ५० पर्यंत २, ७५ पर्यंत ३ आणि १०० पर्यंत ४. आईच्या बाबतीत ही घसरण २५ टक्क्यांच्या आतच आहे.

पण श्रेणी ऐकून शस्त्रक्रिया ठरत नाही. श्रेणी १ असलेल्या असंख्य माणसांना आयुष्यभर काहीच होत नाही, आणि त्याच श्रेणीचा दुसरा रुग्ण पन्नास पावले चालू शकत नाही. कारणही पाहावे लागते. आईची घसरण झिजेची आहे, म्हणजे मागचे सांधे आणि गादी झिजल्याने झालेली. ही बहुधा एल-४ व एल-५ मध्ये होते, पन्नाशीनंतर होते आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळते. यात मणक्याची मागची कमान अखंड राहते आणि मणक्याच्या पुढच्या भागाबरोबर तीही पुढे येते, म्हणून नसा चिमटीत सापडतात. तरुणांमध्ये मात्र कमानीचा एक अरुंद भाग मोडलेला असतो आणि ती घसरण बहुतेक वेळा एल-५ आणि त्याखालचे त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) यांच्यामध्ये होते. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांच्या शस्त्रक्रियांचे हिशेबही वेगळे आहेत.

घरोघरी एक भीती असते, तिच्याबद्दलही लिहितो. कमरेचे ऑपरेशन केले की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो असे सांगितले जाते. मज्जारज्जू प्रौढ माणसात साधारण पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका असतो. त्यामुळे एल-४ व एल-५ वर काम करताना थेट रज्जूला धक्का लागण्याचा प्रश्न येत नाही. धोके जरूर आहेत : एखाद्या नसेला इजा होऊन पाऊल उचलता न येणे, नसांवरचे आवरण फाटून पाणी झिरपणे, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी होणे. सर्जनाला हे सगळे एकेक करून विचारावे.

दगडीपूल | ५ जून

डॉक्टरांनी तरुणांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. माझा मुलगा सतराव्या वर्षी जलदगती गोलंदाजी करत असताना त्याच्या एल-५ च्या कमानीला दोन्ही बाजूंनी तडे गेले. चेंडू टाकताना पाठ एकाच वेळी मागे वाकते, वळते आणि बाजूला झुकते. हजारो वेळा असे झाले की हाड थकते. त्याचा मणका जेमतेम सरकला होता. आम्ही घाबरून शस्त्रक्रियेचा आग्रह धरला, पण सर्जननेच नकार दिला आणि चार महिने खेळ बंद, पट्टा आणि नंतर व्यायाम असा क्रम सांगितला. आज तो दुखण्याविना खेळतो. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली यांनाही १९७३ मध्ये पाठीला असेच तडे गेले होते आणि प्लास्टर, विश्रांती व कसून व्यायाम यांच्या बळावर ते परतले, ही गोष्ट त्या काळात मुलाला फार धीर देऊन गेली. निशिगंध यांच्या आईला हे लागू नाही याची मला कल्पना आहे.

कृष्णाकाठ | ६ जून

माझी सांधण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तेव्हा आतून कसे वाटते ते सांगतो. वय ५८, एल-४ व एल-५, घसरण श्रेणी २ च्या उंबरठ्यावर. मला पायापेक्षा कमरेतच अधिक दुखत असे. अंथरुणावर कूस बदलताना आणि खुर्चीतून उठताना कंबर 'निसटल्यासारखी' होई आणि काही क्षण मी तसाच अर्धवट वाकलेला राही. उभ्याने पुढे व मागे वाकवून काढलेल्या एक्स-रे फिल्म सर्जननी खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या, तेव्हा मणक्याच्या मागच्या कडेची पायरी एका फिल्ममध्ये लहान आणि दुसरीत चांगली मोठी दिसत होती. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये मात्र ती जवळपास नाहीशी झाली होती.

शस्त्रक्रियेला साडेतीन तास लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी भौतिकोपचार करणाऱ्या मुलीने मला ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर वळवले, पाय खाली सोडायला लावले आणि वॉकर धरून उभे केले. पायातील कळ त्याच दिवशी गेलेली होती. कमरेच्या जखमेचे दुखणे मात्र तीन आठवडे बरेच होते. मुख्य म्हणजे स्क्रू हा सांधा नव्हे, हे मला नंतर कळले. स्क्रू आणि सळ्या हाड जुळेपर्यंत मणके स्थिर धरून ठेवतात. खरे काम पिंजऱ्यात आणि त्याभोवती भरलेल्या हाडाच्या चुऱ्याने होते आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागते. तेवढे दिवस मी तंबाखू पूर्ण सोडली, कारण तंबाखूने हाड जुळत नाही असे सर्जननी स्पष्ट बजावले होते. आज चार वर्षे झाली. शेतात जातो, पण जमिनीवर मांडी घालून अर्ध्या तासाहून अधिक बसत नाही.

सांजवात | ६ जून

माझ्या थोरल्या भावाचा अनुभव उलट आहे आणि तोही येथे असायला हवा. त्याच्या दोन्ही पायांत दुखत असे, परंतु उभ्याने एक्स-रे न काढता, केवळ एमआरआयवरून, एका रुग्णालयात तीन मणके सांधण्यात आले. हाडांची घनताही तपासली नव्हती. आठ महिन्यांत खालचे दोन स्क्रू सैल झाले. दुसऱ्या शस्त्रक्रियेत ते बदलून सिमेंट भरावे लागले. आता तीन वर्षांनी सांधलेल्या भागाच्या वरचा मणका दुखू लागला आहे. डॉक्टर सांगतात की, सांधलेला भाग हलत नसल्याने शेजारच्या मणक्यावर भार वाढतो. भावाला रोज संध्याकाळी ओसरीत येरझारा घालताना पाहते आणि वाटते, त्या वेळी आम्ही दोन प्रश्न अधिक विचारायला हवे होते. निशिगंध, तुम्ही ते आधीच विचारत आहात.

निशिगंध | ७ जून

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. कृष्णाकाठ दादा, आईला कमरेत निसटल्यासारखे कधीच होत नाही. तिचे दुखणे पायांचेच आहे. सांजवात ताई, आईचाही उभ्याने एक्स-रे काढलेला नाही आणि हाडांची घनताही पाहिलेली नाही. दोन्ही उद्याच करून घेतो.

उत्तरध्रुव | ८ जून

मी नॉर्वेत राहतो आणि रुग्णालयातच नोकरी करतो, डॉक्टर नाही. निशिगंध यांचा प्रश्न जसाच्या तसा इथल्या संशोधकांनी तपासला आहे. १६ रुग्णालयांतील २६७ रुग्ण घेतले. सगळ्यांची घसरण झिजेची, एकाच पातळीवरची आणि किमान ३ मिलिमीटरची होती. चिठ्ठी टाकावी तसे निम्म्यांना फक्त नसा मोकळ्या करण्याची आणि निम्म्यांना त्याबरोबर सांधण्याचीही शस्त्रक्रिया दिली. दोन वर्षांनी दोन्ही गटांत दहापैकी सुमारे सात रुग्णांना ठरवलेल्या मापाइतका फायदा झालेला होता. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात १२.५ टक्के आणि सांधलेल्यांत ९.१ टक्के होते. हे निष्कर्ष २०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले आणि पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही चित्र बदलले नाही. त्यामुळे तुमचे पहिले सर्जन निष्काळजीपणे बोलत नाहीत, एवढे नक्की.

अस्थिवेध | ८ जून

उत्तरध्रुव यांनी योग्य तेच पुढे आणले आहे, पण दुसरे सर्जनही वाऱ्यावर बोलत नाहीत, हेही सांगणे मला कर्तव्य वाटते. त्याच नियतकालिकाच्या २०१६ च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले आणि दोघांचे निष्कर्ष निरनिराळे होते. स्वीडनमधील २४७ रुग्णांत, ज्यांपैकी १३५ जणांचा मणका सरकलेला होता, सांधल्याने काही अधिक लाभ दिसला नाही. अमेरिकेतील ६६ रुग्णांच्या अभ्यासात मात्र सांधलेल्यांची शारीरिक क्षमता थोडी अधिक सुधारली आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण सांधलेल्यांत १४ टक्के, तर न सांधलेल्यांत ३४ टक्के भरले. जो सर्जन या दुसऱ्या अनुभवात घडला, तो सांधण्याकडे झुकतो.

माझी पिढी तर सांधण्यातच वाढली. पेडिकलमधून, म्हणजे मणक्याचा पुढचा भाग आणि मागची कमान जोडणाऱ्या हाडातून, स्क्रू घालण्याची पद्धत पॅरिसमध्ये रॉय-कामीय यांनी १९६३ मध्ये सुरू केली. पाठीकडून जाऊन दोन मणक्यांच्या मध्ये हाड भरण्याचे तंत्र होनोलुलूचे क्लॉवर्ड यांनी रूढ केले आणि भारतात त्याचा पुरस्कार मूळचे गोव्याचे न्यूरोसर्जन डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी केला. ही तंत्रे उत्तम आहेत. प्रश्न ती कुणाला हवीत एवढाच आहे, आणि माझ्या मते आपण गेली काही दशके ती गरजेपेक्षा अधिक लोकांना दिली.

मी असतो तर काय पाहिले असते? पुढे-मागे वाकल्यावर मणका किती हलतो. दुखणे पायात अधिक आहे की कमरेत. नस नळीच्या मध्यभागी दाबली आहे की बाजूच्या छिद्रातून बाहेर पडताना, कारण छिद्र बुजलेले असेल तर केवळ मागून मोकळे करून भागत नाही. आणि हाड स्क्रू धरून ठेवील इतके भक्कम आहे का. मणका फारसा हलत नसेल, दुखणे पायांचे असेल आणि हाड ठिसूळ असेल, तर मी स्वतः स्क्रूचा आग्रह धरला नसता.

हिशेबनीस | ९ जून

खर्चाचा मुद्दा कुणी काढला नाही. सांधण्याच्या शस्त्रक्रियेत बिलाचा मोठा वाटा स्क्रू, सळ्या आणि पिंजरा यांचाच असतो, म्हणून अंदाजपत्रक घेताना इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वी विचारावे. खाजगी विमा असेल तर पूर्वमंजुरीसाठी व्यायाम व औषधोपचार केल्याच्या चिठ्ठ्या लागतात. त्या फेकू नका.

चालतीबोलती | ९ जून

निर्णय होईपर्यंत एक गोष्ट घरात सर्वांना माहीत असू द्या. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल अचानक लुळे पडले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे तासांचा हिशेब असतो. एरवी या विकारात घाई नसते.

निशिगंध | २७ सप्टेंबर

आपल्याला कळवायला उशीर झाला, क्षमस्व. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये आईचा मणका पुढे-मागे वाकल्यावर जेमतेम १ मिलिमीटर हलत होता. हाडांची घनता तपासली तेव्हा अस्थिभंगुरता निघाली. हे दोन्ही कागद घेऊन मी आणि बहीण मिळून पुन्हा दोन्ही सर्जनांकडे गेलो. दुसऱ्या सर्जनांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "हे आधी माझ्यासमोर असते तर मीही आधी नसाच मोकळ्या करू असे म्हणालो असतो, मात्र पुढे कधी सांधावे लागू शकते, हे मनाशी धरून चला." बहिणीचे समाधान त्या वाक्याने झाले.

१९ ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली. कमानीचा थोडा भाग आणि नसांच्या नळीत मागच्या बाजूने असणारा, जाड झालेला पिवळा बंध काढला. सांध्यांना शक्यतो धक्का लावला नाही. दुसऱ्या दिवशी आई चालली आणि चौथ्या दिवशी घरी आली. पहिले तीन आठवडे तिला वाकू दिले नाही, संडासाला उंच खुर्ची बसवली आणि हाडांचे औषधही सुरू झाले. काल ती घरापासून गिरणीपर्यंत चालत गेली. पारावर थांबली नाही, पतपेढीच्या पायरीवर थांबली नाही. कट्ट्याजवळ मीच तिला थांबवले, तेव्हा म्हणाली, "मला बसायचे नाही, तुला बसायचे असेल तर बस."

डाव्या अंगठ्याचा बधिरपणा अजून आहे. सर्जन म्हणतात की, नस दीड वर्ष दाबलेली होती, ती सावकाश सुधारेल आणि कदाचित पूर्ण सुधारणार नाही. चालतीबोलती ताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत : आई पाटावर बसून जेवायचे म्हणते, ते कधी चालेल? आणि दळणाचे डबे उचलण्याचे काय?

चालतीबोलती | २७ सप्टेंबर

वाचून फार बरे वाटले. पाटावर बसण्याची घाई नको. तीन महिने पूर्ण होऊ द्या आणि मग भिंतीचा आधार घेऊन दहा मिनिटांपासून सुरुवात करा. उठताना एक गुडघा टेकवून, हाताने स्टुलाला धरून उठायला शिकवा. डबे मात्र उचलू देऊ नका. अस्थिभंगुरता असताना भरलेला डबा वाकून उचलणे हे शस्त्रक्रिया झालेली नसतानाही धोक्याचेच आहे. गिऱ्हाइकाने डबा कमरेच्या उंचीच्या टेबलावर ठेवायचा आणि तिथूनच उचलायचा, असा गिरणीचा नियमच करून टाका. अंगठ्याला संवेदना नसल्याने जखम झालेली कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय धुऊन तळवे पाहायला सांगा.

कृष्णाकाठ | २८ सप्टेंबर

टेबल शक्यतो भिंतीत पक्के बसवून घ्या. माझ्याकडे हलते होते, ते सरकले आणि मी नको तेव्हा वाकलो होतो.

निशिगंध | २८ सप्टेंबर

आजच सुताराला बोलावले आहे. आईने उंचीचे माप स्वतःच्या कोपरापासून घ्यायला लावले.